एकटीपुरता भात

पत्र असं आहे:

‘पोस्टातून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी हे गेले. वर्षश्राद्धाला घरी पंगत घालण्याऐवजी इथल्या एका मुलींच्या बालगृहात जेवण दिलं. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं साग्रसंगीत. मुलींनी रांगेत बसून श्लोक म्हटला. निघताना नऊ वर्षांची एक मुलगी माझा पदर धरून म्हणाली, “आजी, परत कधी येणार?” तेव्हापासून रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ह्यांच्या ठेवीतले तीन लाख तिथे द्यावेत असं मनात आहे. खरं सांगायचं तर त्या एकीचंच सगळं करावं, दिवाळीला चार दिवस घरी आणावं असं वाटतं. तिथल्या बाई मात्र “तसं चालत नाही” म्हणून फटकन बोलल्या. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, आई, या संस्था पैसे खातात, तू यात पडू नकोस. लेक न्यू जर्सीला आहे, ती म्हणते मीपण पाठवते. त्या दिवसाचे फोटो सोबत जोडले आहेत. तुम्ही अशा ठिकाणी काम केलं आहे म्हणून विचारते, काय करू? — एक आजी, मिरज’

ताई,

आधी त्या पदराचं बोलू, कारण बाकीचं सगळं त्यालाच बांधलेलं आहे.

बावीस वर्षं मी एका मुलींच्या बालगृहात होते. आधी काळजीवाहक, नंतर अधीक्षिका. ‘परत कधी येणार?’ हा प्रश्न मी तिथल्या फाटकात किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. तुम्हाला वाईट वाटेल, पण त्या मुलीनं तो तुमच्या आधीच्या रविवारी आलेल्या काकांनाही विचारला असणार, आणि त्यांच्या आधी कॉलेजातून आलेल्या पोरापोरींनाही. म्हणून तो खोटा ठरत नाही. पाहुणे परत येत नाहीत हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दर वेळी ती पुन्हा एकदा विचारून बघते, एवढंच.

एकदा एका रविवारी आमच्याकडे तीन वाढदिवस आले. म्हणजे बाहेरच्या मुलांचे. सकाळी एक केक, दुपारी एक, संध्याकाळी एक. टाळ्या वाजवायच्या, गाणं म्हणायचं, फोटोला उभं राहायचं. तिसऱ्या केकला आमची एक सातवीतली मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘बाई, आज आमच्यापैकी कुणाचा आहे का?’ मी रजिस्टर काढून बघितलं. होता. एका छोटीचा होता, आणि मीच विसरले होते. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

आता दिवाळीला घरी आणायचं. त्या बाई फटकन बोलल्या म्हणून तुम्ही दुखावलात, पण त्यांचं उत्तर मला फार आवडलं. बालगृहातली प्रत्येक मुलगी तिथे बाल कल्याण समितीच्या आदेशानं असते. ही समिती जिल्ह्यात असते, ती बाल न्याय अधिनियम 2015 खाली नेमलेली असते, आणि मुलीनं कुठे राहायचं ते ती ठरवते. अधीक्षिकेला वाटलं म्हणून ती मुलीचा हात तुमच्या हातात देऊ शकत नाही. उलट, चार पुरणपोळ्या आणि तीन लाखांच्या बोलीवर एखादी संस्था ‘न्या की चार दिवस’ म्हणाली असती, तर मी तुम्हाला तिथून उलट्या पावली परत यायला सांगितलं असतं. आज तुम्ही नेणार, उद्या आणखी कोणी नेईल, आणि तो कोण असेल ते कोणी बघितलंय?

मूल काही काळ आपल्या घरी सांभाळण्याची वाटही कायद्यात आहे. तिला फॉस्टर केअर म्हणतात, आणि तीही समितीमार्फत, घराची पाहणी होऊनच मिळते. दत्तक घ्यायचं तर केंद्राच्या ‘कारा’ या यंत्रणेत नोंदणी करून रांगेत उभं राहावं लागतं. तिथे वयाची अटही आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो विषय इथेच संपला.

राहिलं त्या एकीचंच सगळं करणं. हे करू नका. आमच्याकडे एका देणगीदारांनी एका मुलीला हेरलं. हुशार होती, गोरीगोमटी होती (हे शेवटचं कोणी उघड बोलत नाही, पण निवड होते तेव्हा होतेच). तिला नवीकोरी सायकल आली. तिसऱ्या दिवशी सायकल भिंतीला टेकलेली, दोन्ही चाकांतली हवा गेलेली. मी सगळ्यांना रांगेत उभं करून चौकशी केली. रात्री तीच मुलगी माझ्या खोलीत आली. ‘मीच काढली हवा,’ म्हणाली. ‘त्या दिवसापासून माझ्याशी कुणी बोलत नाही.’ चाळीस जणींच्या एका खोलीत एकीच्या वाट्याला आजी आली की बाकीच्या एकोणचाळीस जणींना त्या रात्री आपल्याला आजी नाही हे नव्यानं कळतं.

आणखी एक काम आजच करा. तुम्ही जोडलेल्या फोटोंमध्ये मुलींचे चेहरे स्वच्छ दिसतात. घरच्या ग्रुपवर, स्टेटसला टाकले असतील तर काढून टाका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला या कायद्याच्या कलम 74 नं बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, उद्या ती मुलगी कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल, आणि पत्रावळीसमोर हात जोडून बसलेला तिचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये फिरत असेल. मी तुमचे फोटो पुसून टाकले आहेत.

मुलाला झिडकारू नका. तो म्हणतो तशा संस्था आहेत. नोंदणीशिवाय चालणाऱ्या आहेत, फक्त पाहुण्यांपुरत्या चादरी अंथरणाऱ्या आहेत. त्यालाच एकदा सोबत न्या. बाल न्याय कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र बघा, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगल्या संस्थेत ही फाइल हाताशीच असते. शंका आली तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. पण कागद कुणीही नीट लावतं. मी कुठेही गेले की आधी न्हाणीघर बघते. कडी आतून लागते का, बादल्या किती, दिवा चालू आहे का. मग रात्री मुलींजवळ कोण झोपतं ते विचारते. आणि शेवटी एक प्रश्न, तो तुम्हीही जरूर विचारा: मागच्या पाच वर्षांत इथून बाहेर पडलेल्या मुली आता कुठे आहेत? नावं नकोत, नुसतं सांगा. ‘सगळ्या छान सेटल आहेत’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. ‘दोघी नर्सिंगला, एक दुकानात, एकीचं लग्न झालं, एक परत मामाकडे गेली, आणि एकीचा पत्ता लागत नाही’ असं कोणी म्हणालं तर त्या बाईंवर विश्वास ठेवा. पत्ता लागत नाही हे सांगायला तिला जड गेलं असेल, तरी तिनं सांगितलं.

याच प्रश्नात तुमच्या तीन लाखांचं उत्तर आहे.

मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला बालगृहात राहता येत नाही. कायद्यात पुढे एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे नंतरच्या आधाराची सोय सांगितली आहे, पण प्रत्यक्षात मुलींसाठी अशा जागा मोजक्या. घरातल्या मुलीचा अठरावा वाढदिवस आला की कौतुक असतं. आमच्याकडे मुली वर्षभर आधीपासून त्या तारखेचं नाव काढत नसत.

मी अधीक्षिका झाल्यावर पहिल्यांदा जिला निरोप दिला ती बारावी झालेली, कामसू, स्वयंपाकघराची तर मालकीणच होती. पत्र्याची ट्रंक, दोन नवे ड्रेस, फाइल, सगळ्यांची रडारड. शहरात एका भाड्याच्या खोलीत तिची सोय लावली. आठवड्यानं भेटायला गेले तर खोलीत आंबूस वास. स्टोव्हशेजारी मोठ्या पातेल्यात भात, वर बुरशी आलेली. मी रागावले. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘बाई, मला साठ जणींचं वरण येतं, साठ जणींचा भात येतो. एकटीपुरता किती टाकायचा ते माहीत नाही.’

ताई, ती मुलगी त्याआधी कधी दुकानात एकटी गेली नव्हती. पावशेर तेल केवढ्याला येतं, घरमालकाला काय बोलायचं, रिक्षावाला जास्त पैसे मागतोय हे कसं ओळखायचं, ताप आला तर कोणत्या डॉक्टरकडे जायचं, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आम्ही तिला बारा वर्षं सांभाळलं होतं, आणि इतकं नीट सांभाळलं होतं की तिला काहीच येत नव्हतं. त्यानंतर मी आमच्याकडे एक नियम केला. सोळा झाल्या की मुलींनी पाळीपाळीनं दोघी-दोघींचा स्वयंपाक वेगळा करायचा, त्याचा बाजार स्वतः जाऊन आणायचा, हिशेब लिहायचा. व्यवस्थापन समितीतल्या एका सद्गृहस्थांनी ‘गॅस वाया जातो’ म्हणून हरकत घेतली. मी दोन वर्षं भांडले.

आणि ही काही नवी अक्कल नव्हे. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या, तेव्हा तिथे मुली छापखान्यात खिळेसुद्धा जुळवत. 1896 मध्ये अण्णा कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला, 1900 मध्ये तो हिंगण्याला नेला, आणि स्वतः तिथून फर्ग्युसनला गणित शिकवायला पायी जात-येत राहिले. त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या त्या पार्वतीबाई आठवले. स्वतः विधवा, वय उलटून गेल्यावर शिकलेल्या, आणि पैसे गोळा करत अमेरिकेपर्यंत पोचलेल्या. जिला आसरा द्यायचा तिला पायावर उभं करायचं, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. तिथीभोजनाचे, म्हणजे कुणाच्या तरी नावानं ठरल्या तिथीला दिलेल्या जेवणाचे, संगमरवरी फलक नंतर आले.

तिथीभोजनावरून सांगते, राग मानू नका. बालगृहात जाऊन वर्षाचं जेवणाचं कॅलेंडर बघा. रविवार, 15 ऑगस्ट, 26 जानेवारी सगळे भरलेले. पितृपक्षात खीर-पुरी इतकी येते की मुलींची पोटं बिघडतात. जूनमध्ये मात्र फाटकाकडे कोणी फिरकत नाही, आणि नेमके तेव्हाच बूट हवे असतात, चष्म्याचे नंबर बदललेले असतात, रेनकोट फाटलेले असतात. सॅनिटरी पॅड तर बारा महिने लागतात, पण नवऱ्याच्या नावानं पॅड द्यायला कोणी पुढे येत नाही. काळजीवाहक मावशीच्या पगारालाही येत नाही. रात्री दोन वाजता तापलेल्या मुलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवते ती हीच मावशी. पगार परवडत नाही म्हणून ती वर्षभरात सोडून जाते, आणि मुलींना पुन्हा एक नवं माणूस.

म्हणून माझं मत असं. तीन लाख एकरकमी देऊ नका. एक लाख यंदा मेअखेरीस द्या, चेकनं, आणि पत्रात लिहा की शाळा उघडताना जे लागेल त्याला, नाहीतर मावशींच्या पगाराला वापरा. ‘अमुकच घ्या’ म्हणू नका. उरलेले दोन लाख तुमच्याकडेच ठेवा, आणि संस्थेशी लेखी बोलणं करा की अठरा पूर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मुलींच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी ते आहेत. हॉस्टेलची अनामत, खानावळ, गादी, शेगडी, साधा मोबाइल. मिरज-सांगलीएवढं गाव असेल तर पंचवीस-तीस हजारांत एकीचे तीन महिने निघतात असा माझा अंदाज. म्हणजे सहा ते आठ मुली. कोण मुलगी ते तुम्ही निवडायचं नाही, जिची तारीख येईल ती. पैसे संस्थेमार्फतच जाऊ देत आणि पावत्या मागून घ्या, त्यात संकोच कसला? करसवलत हवी असेल तर संस्थेकडे त्याचं प्रमाणपत्र आहे का बघा. दोन हजारांवर रोख दिलं तर ती मिळत नाही, आणि तुम्ही नव्या करपद्धतीत असाल तर तसाही उपयोग नाही.

लेकीनं पाठवायच्या आधी एक गोष्ट तपासायची. तिचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तिनं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरीही. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी घेण्याची, नोंदणी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. लहान संस्थांकडे बहुतेक वेळा ही नोंदणी नसते. चुकून त्यांच्या नेहमीच्या खात्यात डॉलर पडले तर अडचणीत येतात त्या बाई, लेक नव्हे.

पैशाचं झालं. पण तुमच्याजवळ पैशापेक्षा दुर्मिळ एक गोष्ट आहे, आणि पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. तुम्ही पोस्टात होतात! दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीच्या नावानं पोस्टात बचत खातं निघतं आणि ते तिला स्वतःच्या सहीनं चालवता येतं, हे मी तुम्हाला काय सांगणार. पैसे काढायची स्लिप भरणं, पासबुक वाचणं, व्याज कसं चढतं ते बघणं, स्पीड पोस्ट करणं. आमच्या मुली बारावीपर्यंत शिकायच्या आणि बँकेत स्लिप भरताना त्यांचे हात थरथरायचे. हे शिकवणारं माणूस मला बावीस वर्षांत एकदाही मिळालं नाही. योगासनं शिकवणारे मात्र नऊ आले.

फॉर्मचंच आणखी पुढे नेता येईल. तिथल्या मुली सगळ्याच पूर्ण अनाथ नसतात. कुणाचे वडील गेलेले, आई मोलमजुरीला. कुणाची म्हातारी आजी गावाकडे आहे, सांभाळायची तयारी आहे, पैसा नाही. अशा मुलांना घरच्यांजवळ राहता यावं म्हणून आपल्या राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. 2023 मध्ये तिची रक्कम 1100 वरून 2250 रुपये झाली, महिन्याला, एका मुलामागे. ती कित्येकांना माहीतच नसते, आणि माहीत असली तरी मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला यात अर्ज अडकतो. तसंच अनाथ प्रमाणपत्राचं. गोव्यातल्या एका संस्थेत वाढलेल्या तरुणीला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत गुण असूनही नॉन-क्रीमीलेअरचा दाखला नाही म्हणून डावललं गेलं. आईवडीलच माहीत नाहीत तर त्यांच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा कुठून? तिनं ते लावून धरलं आणि 2018 मध्ये महाराष्ट्रात अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण मिळालं. पण ते प्रमाणपत्र मुलीच्या फाइलमध्ये लागतं, आणि ते लावण्यासाठी कुणीतरी चार खेटे घालावे लागतात. सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला तुमची उभी हयात गेली. कोणता कागद कुठे अडतो आणि कुणाला काय विचारलं की सुटतो, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार?

तेव्हा त्या फटकन बोलणाऱ्या बाईंना एक पत्र लिहा. देणगीचं नको, कामाचं. महिन्यातून एक दिवस, दोन तास, मोठ्या मुलींना व्यवहाराचा तास घेईन, आणि कचेरीतल्या फाइलींना हात लावू दिलात तर अर्ज भरून देईन. त्या तुमचं ओळखपत्र मागतील, पोलीस पडताळणी करून आणा म्हणतील, तास दार उघडं ठेवून, कोणीतरी सोबत असतानाच घ्या म्हणतील. सगळ्याला हो म्हणा. पहिले सहा महिने कदाचित त्या तुमच्याशी धड बोलणारही नाहीत. हौसेनं आलेले लोक तीन महिन्यांत गळतात हे त्यांनी पाहिलेलं असतं, मीही अशीच वागायचे. पहिल्या दिवशी खाऊ नेऊ नका. नेलाच तर फुटाणे न्या, सगळ्यांना पुरतील एवढे.

ती नऊ वर्षांची मुलगी मोठ्यांच्या तासात बसणार नाही. ती दारातून डोकावेल. तिला जवळ बोलावून मांडीवर घेऊ नका, आणि ओळख नसल्यासारखंही करू नका. ती पुन्हा पदर धरेल आणि तेच विचारेल. या वेळी ‘लवकरच हं’ म्हणू नका. ‘पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, चार वाजता’ असं सांगा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याकडूनच गोल करून घ्या. आणि त्या शनिवारी मिरजेत धो धो पाऊस असला, गुडघे ठणकत असले, पुण्याहून नातवंडं आलेली असली, तरी चारला पाच कमी असताना फाटकात उभ्या राहा. अगदीच जमणार नसेल तर आदल्या दिवशी पोस्टकार्ड टाकू नका, पोस्टाचं तुम्हाला माहीतच आहे. सकाळी फोन करा आणि निरोप बाईंकडे न ठेवता त्या मुलीला फोनवर बोलवा.